कंसातला शब्द

पत्रक कसं लिहायचं ते मला ज्यांनी शिकवलं, त्यांचा नियम साधा होता. एक शत्रू, एक मागणी, आठ ओळी. दुसरा शत्रू आणलात की वाचणारा त्या कागदाचा कोन करतो आणि त्यात सुंडल, म्हणजे उकडलेले चणे, खातो. चेन्नईला येऊन दोन वर्षं झाली होती आणि हा नियम मी एकदाही मोडला नव्हता. सकाळी आठला गिंडीच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं वाटायची आणि नऊला तिथल्याच एका कंपनीत नेटवर्कच्या कामाला बसायचं, असा माझा दिवस. राहायला वेलचेरीत, तिघींत एक फ्लॅट.

अक्का मला त्या फाटकावरच भेटल्या. पत्रकांचा गठ्ठा चुकीचा छापून आला होता आणि मी फोनवर छापखानेवाल्याला मराठीत मनातलं सगळं ऐकवत होते. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणूनच ऐकवत होते. बाजूने आवाज आला, "काय म्हणून येवढ्या शिव्या देतेस, मा? त्याला कळेना, मजला कळतें आहे."

त्या तंजावरच्या. घराणं पिढ्यान् पिढ्या इकडचंच. त्यांचं मराठी मला आधी कुठल्यातरी जुन्या पत्रातून वाचून दाखवल्यासारखं वाटायचं, आणि चाल तमिळची. माझं मराठी त्यांना भांडणाचं वाटायचं. पन्नाशीच्या होत्या. वसाहतीतल्या लहान कारखान्यांच्या कामगारांसाठी एका विश्वस्त संस्थेचा दवाखाना होता, तिथे कॉम्प्युटर, प्रिंटर, इन्व्हर्टर आणि 'लाइन' सांभाळायचं काम त्या बारा वर्षं करत होत्या. कंत्राटावर, हे सांगायला नको.

लाइन म्हणजे दवाखाना आणि संस्थेचं एग्मोरचं कार्यालय यांना जोडणारी भाड्याची तार. दोन्ही टोकांना एकेक मोडेम, मोडेममागे एकेक जुना राउटर, मोडेम आणि राउटरच्या मध्ये बोटाएवढ्या जाडीची सिरियल केबल. सगळीकडे फायबर आलं तरी इथे ती तारच होती, कारण ती बदलायची फाइल एग्मोरला कोणाच्या तरी टेबलावर होती. कामगाराचं कार्ड एग्मोरच्या यंत्राने ओळखलं तरच औषध मिळायचं. लाइन गेली की खिडकीवरून एकच उत्तर, नाळेक्कि वांगा, उद्या या. उद्या म्हणजे आणखी अर्ध्या दिवसाची पाळी बुडवून.

आणि लाइन जवळजवळ रोज जायची. अकराच्या सुमाराला जायची, संध्याकाळी आपोआप यायची.

एका बुधवारी अक्कांनी मला एग्मोरहून आलेला एक कागद दाखवला. गिंडीचं टोक वारंवार बंद राहतं, एग्मोरच्या दैनिक नोंदीत मात्र लाइन दिवसातून तिन्ही वेळा 'अप' आहे, त्याअर्थी दोष गिंडीच्या देखभालीत आहे, महिनाअखेर आपली सेवा थांबवण्यात येत आहे. खाली सही. बारा वर्षं साडेतीन ओळींत.

मी तिथेच उभ्या उभ्या पत्रक जुळवायला लागले. शत्रू एग्मोर, मागणी पत्र मागे घ्या. संध्याकाळपर्यंत आठ ओळी तयार. अक्कांनी त्या वाचल्या, घडी घातली आणि मला परत दिल्या.

"हें वाचून मोडेम चालूं होतें कां?"

"अक्का, मोडेमचा प्रश्नच नाहीये. प्रश्न तुम्हाला काढण्याचा आहे."

"लाइन बंद आहे म्हणून काढतात. तूं नेटवर्कवाली आहेस म्हणतेस. मग लाइन बघ. पत्रक कोण्हीही लिहील."

लागलं मला ते. खरं तर सिरियल लाइन मी फक्त क्लासमध्ये पाहिली होती. आमच्या कंपनीत तिचं नाव काढलं तर लोक पेजर आठवावा तसे हसतात. पण दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि बाराला दवाखान्यात पोचले. लाइन गेलेलीच होती.

राउटर ड्रेसिंगच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलावर होता. मागे केबल जिथे घुसते तिथे तिच्या दोन बाजूंना स्क्रू असायला हवेत. ते नव्हते. केबल बँडेजच्या पट्टीने बांधलेली होती, नीट, दोन वेढे आणि गाठ. मी आधी फोटो काढला. पत्रकासाठी याहून चांगलं काय मिळणार? जखमेचं बँडेज केबलला, ही यांची व्यवस्था. मग लॅपटॉप जोडला.

राउटरला विचारलं की तो दोन शब्दांत सांगतो. पहिला शब्द तारेचा, म्हणजे केबल आणि मोडेम जिवंत आहेत की नाहीत. दुसरा संभाषणाचा. दोन्ही टोकांचे राउटर दर दहा सेकंदांनी एकमेकांना 'मी आहे' असं कळवत असतात. समोरून काही वेळ ते आलं नाही, की दुसरा शब्द डाऊन. आमच्या पडद्यावर पहिला अप होता, दुसरा डाऊन. म्हणजे तार जिवंत आणि पलीकडे कोणी बोलत नाही.

अशा वेळी जवळून लांब जायचं, एवढं मला येत होतं. आधी आपल्या टोकाची शहानिशा. मोडेमवर लूपचं बटण असतं. ते दाबलं की राउटरने पाठवलेलं पलीकडे जातच नाही, मोडेम ते वळवून त्यालाच परत देतो. मी दाबलं. तीसेक सेकंदांत दुसरा शब्दही अप झाला.

"आलं," खिडकीवरची नर्स म्हणाली.

"नाही आलं, सिस्टर. हा स्वतःशीच बोलतोय." ओळीच्या शेवटी तसं लिहिलेलंही असतं, कंसात, लूप्ड. राउटर प्रामाणिक असतो. अप म्हणतो आणि लगेच कंसात सांगतो की हा माझाच आवाज आहे.

अक्का वाकून पडदा बघत राहिल्या. "आपलेंच बोलणें आपल्याला आइकूं येतें आणि समोर कोण्ही आहे असें वाटतें."

"तसंच."

"असे पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या.

बटण सोडलं. आमचा राउटर, केबल, मोडेम तिन्ही चालू होते, हे सिद्ध झालं. तार ज्यांच्याकडून भाड्याने घेतली होती त्यांना फोन लावला. त्यांच्या इंजिनिअरने तिथे बसून दोन्ही मोडेमपर्यंत तपासलं आणि वैतागून सांगितलं की तार स्वच्छ आहे, या महिन्यात हे तो पाचव्यांदा सांगतोय. उरलं एग्मोर. तिथे फोन केला तर एक शांत आवाज म्हणाला, "इथे अप आहे, मॅडम. तुमच्याकडे बघा."

माझं डोकं फिरलं. एका लाइनला दोन टोकं असतात. एक वर आणि एक खाली, असं होत नाही. मी गिंडी स्टेशनवर जाऊन एग्मोरची गाडी पकडली, आणि वाटेत पत्रकात एक विशेषण वाढवलं.

शांत आवाजाचा माणूस माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा असेल. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर विभूती, समोर दैनिक नोंदीचा तक्ता. दहा, एक, चार, अशा तीन वेळा आणि प्रत्येक वेळेपुढे अप किंवा डाऊनवर खूण. एकही डाऊन नाही. मी म्हटलं, पडदा दाखवा. त्याने आनंदाने दाखवला.

अप. अप. कंसात लूप्ड.

मोडेमकडे पाहिलं. लूपचं बटण आत दाबलेलं. त्याच्या भोवतीची धूळ तशीच होती, बटणाचं डोकं मात्र लख्ख.

"हे कोणी दाबलं?"

"मी. रोज दाबतो." लपवण्यासारखं त्यात काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. "मागे एकदा लाइनवाल्यांच्या इंजिनिअरने फोनवरून दाबायला सांगितलं होतं. दाबल्याबरोबर अप आलं. तेव्हापासून पडद्यावर लाल झालं की दाबतो. मिनिटसुद्धा जाऊ देत नाही. संध्याकाळी जाताना सोडतो."

"आणि हे कंसात काय लिहिलंय?"

"ते येतं तसं." त्याने तक्ता माझ्याकडे फिरवला. "त्याला इथे रकाना नाही."

मी बटण सोडलं आणि अक्कांना फोन लावला. अर्ध्या मिनिटात त्या म्हणाल्या, "आलें. दोन्ही शब्द. कंस नाहीं." मागे नर्स कोणाला तरी कार्ड घेऊन बोलावत होती.

मी त्या माणसाकडे वळले आणि जे बोलले ते इथे लिहीत नाही. इतके महिने तुम्ही कामगारांना परत पाठवताय, एका बाईचं काम घालवताय, असं बरंच. त्याने ऐकून घेतलं. मग हळू म्हणाला, "महिन्यात तीन डाऊन झाले की मला वर बोलावतात. माझ्या आधीचा असाच गेला. मीही कंत्राटावर आहे, मॅडम. गिंडीच्या फाटकावरचं तुमचं पत्रक माझ्याकडे आहे." त्याने खण उघडून दाखवलं. होतं. घडीसुद्धा व्यवस्थित.

गाडीत बसून मी विशेषण खोडलं. मग ती ओळच खोडली.

पण माझी केस तयार होती. गिंडी निर्दोष, बटण एग्मोरचं. अक्कांना फोनवर सांगितलं की आता फक्त टाइप करायचं बाकी आहे. त्या म्हणाल्या, "इरु, मा. थांब. उद्यां सकाळीं ये. अकराच्या आधीं."

शुक्रवारी पुन्हा रजा टाकून मी साडेदहापासून ड्रेसिंगच्या खोलीत स्टुलावर बसले. पडद्यावर दोन्ही शब्द अप. अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना दार ढकलून ट्रॉली आली. वर निर्जंतुक पट्ट्यांचे डबे, एक चाक वाकडं. वॉर्डबॉयने ती नेहमीच्या सवयीने टेबलाला नेऊन धडकवली. टेबल हललं. बँडेज ताणलं. पहिला शब्द डाऊन.

अक्का शेजारच्या खोलीतून आल्या, हात मागे घालून केबल आत दाबली, गाठ पुन्हा आवळली. पहिला शब्द अप झाला. मिनिटभर गेलं असेल. दुसरा शब्द काही आला नाही. एग्मोरला लाल दिसलं होतं आणि तिथल्या माणसाने मिनिटसुद्धा जाऊ दिलं नव्हतं. आदल्या दिवशी मी एवढं बोलून आले होते आणि त्याचं बोट तरीही गेलं होतं. तक्ता तोच होता ना.

"हे रोज होतं?"

"रोज. स्क्रू मींच काढले होते. खोलीला रंग दिला तेव्हां. एक हरवला. मग बांधून टाकलें. दाबलें की पहिला शब्द येतो, म्हणून मजला वाटलें, दोष दुसराच आहे."

"अक्का, हे मला काल का नाही सांगितलंत?"

"तूं विचारलेंस कां? तूं फोटो काढलास."

एग्मोरला फोन करून बटण सोडायला लावलं आणि आम्ही अहवाल लिहायला बसलो, मी लॅपटॉपवर, त्या बाजूला खुर्चीत. मी बटणाचं लिहिलं, तक्त्याचं लिहिलं, तारेची तपासणी लिहिली. वाचून दाखवलं.

"बँडेज कुठे आहे?"

"ते कशाला? स्क्रू न पुरवणं ही त्यांची जबाबदारी आहे. आणि मिनिटभराचं काय एवढं. ते लिहिलं की ते तेवढंच वाचतील, बाकीच्या सगळ्या दिवसाचं कोणी बघणार नाही. अक्का, मी हे काम दोन वर्षं करतेय. समोरच्याच्या हातात आपण होऊन काठी द्यायची नसते."

"स्क्रू मीं मागितलेच नाहींत," त्या म्हणाल्या. "मागायला फॉर्म भरायचा, एग्मोरला पाठवायचा. आळस केला. हें लिही."

"तुमचं काम जाईल."

"त्या एग्मोरकाराने बटण दाबलें, सगळें चांगलें दिसावें म्हणून. आतां तूं दाबूं नको."

मी लिहिलं. दात खाऊन लिहिलं, पण लिहिलं. केबलचे स्क्रू नसल्याने रोज सुमारे एक मिनिट खंड, जबाबदार गिंडी. त्यानंतर एग्मोरच्या मोडेमवर लूप ठेवल्याने संध्याकाळपर्यंत खंड, जबाबदार ज्या तक्त्यात खरं लिहायला रकाना नाही तो तक्ता. त्या माणसाचं पद लिहिलं नाही. तेही अक्कांनीच सांगितलं.

शनिवारी दवाखाना एकला बंद होतो. तीनला, त्या पत्राखाली ज्याची सही होती त्या एग्मोरच्या अधिकाऱ्याची वेळ मिळाली होती. जाताना अक्कांच्या खांद्याला त्यांची नेहमीची कापडी पिशवी होती, जरा जड. मला वाटलं डबा असेल.

अधिकाऱ्याने अहवाल वाचला आणि मी म्हटलं होतं तेच झालं. बोट बँडेजच्या ओळीवर. "म्हणजे चूक तुमचीच. लेखी दिलीत, हे बरं केलंत."

मी तोंड उघडलं. अक्कांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि तमिळमध्ये, अगदी सावकाश, त्याला म्हणाल्या, "मिनिटाची माझी, सार. बाकीच्या दिवसाचं बघायला आत चला. पाच पावलं आहेत."

आतल्या खोलीत शांत आवाजाचा माणूस उठून उभा राहिला. शनिवारी एकनंतर नोंद नसते, म्हणून बटण सोडलेलं होतं. अक्कांनी त्याला ते दाबायला सांगितलं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. त्याने दाबलं.

"गिंडीची लाइन आता कशी आहे, सार?"

अधिकाऱ्याने पडदा वाचला. "अप."

"तक्त्यात काय लिहाल?"

"अप."

अक्कांनी पिशवीत हात घातला आणि गिंडीची केबल काढून त्या तक्त्यावर ठेवली. बोटाएवढी जाड, काळी, दोन्ही तोंडं मोकळी, एका टोकाला अजून बँडेजची गाठ. दवाखाना बंद झाल्यावर त्यांनी ती उपटून आणली होती आणि मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी आधी फोटो काढला असता.

"हीच ती लाइन," त्या म्हणाल्या. "ती इथे टेबलावर आहे. गिंडीला राउटर आणि मोडेम यांच्यामध्ये आता काहीही नाही. तुमचा पडदा अप म्हणतोय."

अधिकारी पुन्हा पडद्याकडे वाकला, आणि या वेळी त्याने ओळ शेवटपर्यंत वाचली. कंसासकट. "हे लूप्ड म्हणजे काय?" त्याने विचारलं, आणि आजवर हे आपण कधी विचारलं नव्हतं हे त्याला त्याच वेळी समजलं असावं, कारण प्रश्नाच्या शेवटी आवाज उतरला.

शांत आवाजाच्या माणसानेच सांगितलं. "त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो, सार. मी रोज दाबतो. डाऊन लिहिलं की तुम्ही बोलावता."

हे तो बोलेल असं मी कुठल्याच पत्रकात लिहिलं नसतं.

अधिकारी म्हणाला, बघू, विचार करू, सोमवारी कळवतो. हे मी हजार वेळा ऐकलं आहे. त्यावर माझ्याकडे तीन तयार वाक्यं असतात आणि मी पहिलं काढलंही होतं. पण अक्का तोवर भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या होत्या, केबल मांडीवर.

"मी बसते, सार. सोमवारी आठला दवाखाना उघडतो. त्याआधी ही केबल कोणीतरी लावायची आहे. ती मी लावायची की दुसऱ्या कोणी, तेवढं लिहून द्या. दुसऱ्याने लावायची असेल तर इथेच ठेवून जाते."

धमकी नव्हती ती. त्या खरंच ठेवून गेल्या असत्या. हे त्यालाही दिसत होतं, आणि गिंडीच्या खोलीत कुठली तार कुठे जाते हे दुसऱ्या कोणाला माहीत नाही, हेही. पाऊण तास आम्ही बसलो. मधे चहा आला, तीन पेले. मी दोनदा घड्याळ बघितलं, अक्कांनी एकदाही नाही. अखेर त्याने ते पत्र मागून घेतलं, साडेतीन ओळींवर आडवी रेघ मारली, खाली 'सेवा पूर्ववत चालू' असं लिहून सही केली. देखभालीत कसूर केल्याबद्दल एक ताकीदही लिहिली. बँडेजची.

"आणखी काही?"

"दोन स्क्रू, सार," अक्का म्हणाल्या. "फॉर्म भरून आणला आहे."

सोमवारी मी कामावर उशिरा येईन असं कळवून आठला दवाखान्यात गेले. अक्कांनी केबल लावली, शनिवारी एग्मोरहून हातोहात मिळालेले दोन्ही बाजूंचे स्क्रू बोटांनी फिरवले, मग पेचकसाने शेवटचा वेढा दिला. अकराच्या आधी ट्रॉली आली, त्याच वाकड्या चाकाने, आणि टेबलाला धडकली. आम्ही दोघी पडद्याकडे बघत होतो. अप, अप. पुढे काही नाही. वॉर्डबॉयने विचारलं, काय झालं, दोघी अशा का बघताय. अक्का म्हणाल्या, काहीं नाहीं, तूं तुझें कर.

एग्मोरहून दुपारी फोन आला. त्या माणसाने तक्त्यावर पट्टीने एक रेघ मारून चौथा रकाना पाडला होता आणि त्याला विचारायचं होतं की वर काय लिहू. मी म्हटलं, 'कंसात काय आहे' असंच लिहा. वर त्याने तमिळमध्ये तसंच लिहिलं. छापील नाही, पेनाने, पण त्यानंतर ज्या झेरॉक्स निघाल्या त्यांत तो रकाना आला.

"आतां लिही तुझें पत्रक," अक्का म्हणाल्या.

लिहिलं. तीन डाऊन झाले की कंत्राटी माणसाला काढणारा नियम रद्द करा, ही मागणी. बँडेज घातलं, बटण घातलं. ओळी चौदा झाल्या. ज्यांनी शिकवलं त्यांनी सहा कापायला सांगितल्या. मी एकही कापली नाही, आणि मंगळवारी सकाळी आठला फाटकावर गेले तेव्हा गठ्ठ्याचा अर्धा भाग अक्कांनी माझ्या हातातून काढून घेतला.